शांतता राखणाऱ्या पेशी

१४ जुलै १९९७, बारामती

आईला आज पुन्हा पुण्याला नेलं. मागच्या आठवड्यात सुईनं काढलेल्या तुकड्याचा निकाल लागला. यकृताचा कॅन्सर आहे. एक मोठी गाठ, तिच्याभोवती दोन-तीन बारक्या. ऑपरेशनची वेळ केव्हाच टळून गेली, असं डॉ. नाडगौडा म्हणाले. हे त्यांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं. ते बोलत असताना माझं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या यकृताकडं होतं. त्याचा डावा खंड कुणीतरी उलटा बसवला होता. सोळा वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतोय, मला ते बघवेना. मी तो काढून सरळ बसवला. डॉक्टर तेवढा वेळ थांबले.

मी शिक्षक आहे हे कळल्यावर ते खुलले. शेजारच्या खोलीत नेऊन त्यांनी आईचा तुकडा मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. गाठीच्या कडेनं पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड होती. "संरक्षण खातं सगळं हजर आहे बघा," ते म्हणाले, "पण एकही जण गाठीला हात लावत नाही. का, ते मलाही माहीत नाही. काही लोकांना वाटतं, या गर्दीतच थोड्या पेशी अशा असतात की त्या बाकीच्यांना गप्प बसवतात. पूर्वी ही कल्पना फार चालायची, मग तिची टिंगल झाली. आता जपानमध्ये उंदरांवर काम झालंय, त्यामुळं लोक पुन्हा बोलायला लागलेत."

मग मुद्द्यावर आले. या कॅन्सरचं मूळ पांढऱ्या काविळीत आहे. आईच्या रक्तात तो विषाणू कित्येक वर्षं बसून असणार. घरात कुणी गरोदर आहे का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, धाकटी बहीण योगिनी, सहावा महिना. तर म्हणाले, "मग सगळ्यात आधी तिचं रक्त तपासा. मोठ्या माणसाला हा विषाणू शिरला की शरीर भांडतं, डोळे पिवळे होतात, माणूस आजारी पडतो आणि बहुतेक वेळा विषाणूला हाकलून बरा होतो. नवजात बाळाचं शरीर भांडतच नाही. विषाणूला आपलंच माणूस समजतं. ताप नाही, कावीळ नाही, काही नाही. आणि चाळिशीत गाठ. आईकडून बाळाला लागण होते ती जन्मताना. पहिल्याच दिवशी लस टोचली तर बहुतेक बाळं वाचतात. दिवस उलटला की खरं नाही."

बाहेर आबा बाकावर बसून होते. "काय म्हनला डागदर?" मी म्हटलं, लिव्हरला सूज आहे, औषधानं उतरेल. "सूज व्हय. मग उतरंल की," आबा म्हणाले. आई म्हणाली, "मी म्हनतच हुते, लगीनघरचं त्याल बाधलं."

एका वाक्यात दोघंही निवळले. हे मला जमतं. बांधावरून आबांची आणि चुलत्यांची डोकी फुटायची वेळ आली होती, तेव्हाही मीच दोघांना एका ताटात जेवायला बसवलं होतं. घराला एक तरी माणूस असा लागतो.

२ ऑगस्ट

लॅबवाला मित्र उपयोगी पडला. योगिनीचं रक्त हिमोग्लोबिनसाठी काढलं होतं, त्यातच त्यानं ती दुसरी तपासणी करून टाकली. कागद देऊ नकोस, तोंडी सांग, असं मी आधीच बजावलं होतं. त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं. योगिनीच्या रक्तात विषाणू आहे. माझंही त्यानं तपासलं. मला होऊन गेलाय. चौदाव्या वर्षी मी महिनाभर हळदीसारखा पिवळा होऊन पडलो होतो, आईनं मला उसाच्या रसावर जगवलं होतं, तेच ते. तेव्हा पंचक्रोशीत बोभाटा झाला होता. माझ्या शरीरानं भांडण केलं आणि मी सुटलो. योगिनी माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. ती कधी साध्या सर्दीनंही आडवी पडलेली मला आठवत नाही.

सांगायचं कुणाला, हा प्रश्न आहे. योगिनीला सांगितलं तर ती नवऱ्याला सांगणार. रणजित मुलगा सरळ आहे, म्हणजे बापाला विचारल्याशिवाय पाणीही पीत नाही. आणि बापूसाहेब म्हणजे अंथुर्ण्यातलं मोठं बागायतदार प्रस्थ. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या सुनेच्या कोपरावर कोडाचा डाग निघाला, तर तिला जीपमध्ये घालून माहेरी पोचवून आले. "पाव्हनं, माल परत घ्या," असं तिच्या बापाला म्हणालो, हे ते अजून पंगतीत हसत सांगतात. पंगतही हसते. मीही हसलो होतो.

शिवाय बापूसाहेब आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत आणि उपप्राचार्याची जागा दिवाळीपर्यंत भरायची आहे. याचा इथं काही संबंध नाही. पण जे आहे ते दैनंदिनीत लिहावं म्हणून लिहिलं.

ऑक्टोबर अजून लांब आहे. बाळाला लस त्या दिवशी टोचली म्हणजे झालं. आधी सगळ्यांच्या जिवाला घोर कशाला.

१७ ऑगस्ट, कळस

योगिनीचं डोहाळजेवण. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं ती आता बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत इथंच. अंथुर्ण्याहून दोन जीप भरून बायका आल्या होत्या. आबांनी अंगणात मांडव घातला. योगिनीला हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचा धनुष्यबाण. दिसत छान होती पोर.

आईचं पोट आता पाण्यानं तट्ट फुगलंय. हातापायांच्या काड्या आणि मधे हे. कुणीतरी हौसेनं तिलाही हिरवी साडी नेसवली होती. तिला योगिनीशेजारी पाटावर टेकवलं, तेव्हा योगिनीची आत्तेसासू गोजरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवं कुशाबाई, तुमी बी हाय व्हय? कितवा म्हैना? पोरीच्या फुडं गेला की तुमी." बायका पोट धरधरून हसल्या. दोघींची पोटं शेजारी शेजारी लावून कुणाचं मोठं ते बघा, अशी टूम निघाली. दोघींना उभंही केलं. आई हसत होती. तिला उभं राहवत नव्हतं, तरी पदर नीट करून उभी राहिली. म्हणाली, "माझं जुळं हाय."

योगिनी तेवढी हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, सुजेनं एवढं पाणी होत नाही. तूच शिकवलंयस आम्हाला. आईला काय झालंय?"

मी म्हटलं, "पोटुशी बाईनं असलं डोक्यात घेऊ नये. बाळाच्या कानावर जातं."

मी बीएस्सी, बीएड, आणि बोललो हे. पण ती गप्प झाली, हे महत्त्वाचं. मांडवातला आनंद टिकला.

७ सप्टेंबर, बारामती

आमच्या विज्ञान मंडळात आज माझं व्याख्यान झालं. विषय, 'शरीरातील शांतता राखणाऱ्या पेशी'. डॉ. नाडगौडांनी टपालानं लेख पाठवले होते, महिनाभर तेच घोकत होतो. हॉल भरला होता. जपानी संशोधकांनी उंदरांतून एका प्रकारच्या पेशी काढून टाकल्या, तर बाकीच्या संरक्षक पेशी उंदराच्याच जठरावर आणि थायरॉईडवर तुटून पडल्या. मी म्हटलं, मित्रहो, शत्रूशी लढणाऱ्यांचे पुतळे आपण उभारतो. पण आपल्याच माणसांना आवरणारा कुणीतरी असतो म्हणून घर उभं राहतं. त्याचं नाव कुणी घेत नाही. टाळ्या पडल्या. बापूसाहेब पहिल्या रांगेत होते. त्यांना कितपत कळलं देव जाणे, पण मान डोलावत होते.

योगिनीही आली होती, हट्टानं. घरी आल्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "दादा, एक विचारू? समजा शरीरात खरंच चोर शिरला. या पेशींना कळतं का, की आता बाकीच्यांना सोडायला पाहिजे? का त्या चोराच्या वेळीही गप्पच बसवतात?"

डॉक्टर गाठीबद्दल जे बोलले होते ते मी व्याख्यानात घेतलं नव्हतं. विषय भलतीकडं गेला असता. तिला म्हटलं, तो अभ्यासक्रमाबाहेरचा भाग आहे.

"म्हणजे तसंच असणार," ती म्हणाली आणि शेंगदाणे खायला लागली. बारावीला हिला जीवशास्त्रात नव्वदच्या वर होते. आबांना पुढं शिकवायची होती. बापूसाहेबांचं स्थळ मीच आणलं.

१३ सप्टेंबर

डॉ. नाडगौडांनी घरी फोन केला आणि तो नेमका मनिषानं उचलला. त्यांनी सरळ विचारलं, नणंदेची तपासणी झाली का, तुमच्या मुलीची झाली का. मी कॉलेजातून आलो तर बायको ओट्याला टेकून उभी. गॅसवरचं दूध उतू जाऊन जळालं होतं.

मी सगळं सांगितलं. लपवायचा स्वभाव नाही माझा, विचारलं की सांगतो. ती म्हणाली, "दोन महिने श्रेया कळसला गेली की आजीच्या ताटात जेवतेय आणि तुम्ही गप्प आहात?" मी समजावलं की जेवणातून हा पसरत नाही, रक्तातून पसरतो. तिला ते पटलं नाही. उद्याच्या उद्या श्रेयाला लस टोचायची म्हणाली. तेवढं बरोबर आहे, नऊ वर्षांची पोर, खबरदारी घेतलेली बरी.

मग म्हणाली, "आणि योगिनीताईंचं?"

"बघतो मी. बाळाच्या वेळेला करू सगळं."

"त्यांना सांगा तरी."

"सांगून काय होणार? बापूसाहेब तिला परत घेतील? घेणार असतील तर सांग, आत्ता फोन लावतो." तिनं जळालेलं पातेलं मोरीत ठेवलं. "तू सांगशील का त्यांना? जबाबदारी घेशील?" ती देवघरात गेली. तासाभरानं भांडी घासायला लागली.

१६ सप्टेंबर

पुण्याहून लस मागवून श्रेयाला पहिली सुई दिली. दुसरी महिन्यानं, तिसरी सहाव्या महिन्यात. रडली नाही. कुणाला सांगू नकोस म्हटलं, कुस्ती जिंकल्यासारखी दंड दाखवत फिरतेय. मैत्रिणींना धनुर्वाताची म्हणून सांगायचं ठरलं.

५ ऑक्टोबर

आईच्या पोटातलं पाणी काढायला पुण्याला. बादली भरली. पाणी काढताना आई छताकडं बघत म्हणाली, "राम, योगिनीचं बाळंतपन मीच करनार बरं का. न्हाऊ माखू सगळं. तंवर मला चालतीफिरती ठिव म्हनावं डागदरला." मी डॉक्टरांना निरोप दिला. ते म्हणाले, महिनाभर.

योगिनीच्या रक्ताचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोन बारक्या बाटल्या आणवून दिल्या. एक लस, एक तयार प्रतिपिंडांची. बर्फाच्या थर्मासमधून आणल्या. घरी फ्रिजमध्ये ठेवायच्या, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठली की लस वाया जाते. "बाळ बाहेर आलं की बारा तासांच्या आत दोन्ही. बालरोगतज्ज्ञाला फक्त एवढंच सांगा की आई पॉझिटिव्ह आहे. सर, तुमच्या आईसाठी मी काही करू शकत नाही. या बाळासाठी करता येतं. आमच्या धंद्यात असा दिवस क्वचित येतो."

माणूस चांगला आहे. पण पुण्यात बसून बोलणं सोपं असतं.

१४ ऑक्टोबर

पहाटे कळस सोडलं, सकाळी सातला बारामतीच्या दवाखान्यात योगिनी बाळंत झाली. मुलगा. साडेतीन किलो. दोघंही सुखरूप. टेंभुर्णीच्या फळासारखे डोळे आणि आवाज असा की वऱ्हांड्यात ऐकू आला.

मी घरी जाऊन थर्मास घेऊन आलो. मनिषानं स्वतः बर्फ भरून दिला. हातात देताना म्हणाली, "लगेच द्या." हे मी इथं लिहून ठेवतो, की मी गेलो होतो. बालरोगतज्ज्ञांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आत एक पेशंट होता. पाच मिनिटांचं काम.

तेवढ्यात अंथुर्ण्याची जीप आली. बापूसाहेब, रणजित, गोजरबाई आणि गावातली चार माणसं. बापूसाहेबांनी पेढ्यांचा खोकाच आणला होता. माझ्या तोंडात एक कोंबला आणि शेजारी बसले. बाक हलला. "सर, वंशाला दिवा दिलासा तुमी. थोरलीच्या येळंला डाग घरी आणला हुता. ह्या येळंला खात्री करून सोयरीक केली. तुमचं घर बघून केली. सोनं निघालं." मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "आन तुमच्या त्या जागंचं बी झालंय. दिवाळीनंतर कागूद येईल."

मग त्यांचं लक्ष थर्मासकडं गेलं. "ह्यात काय हाय?"

"बर्फ."

"बाळंतिनीला बर्फ?"

"मला. पित्त झालंय."

ते मोठ्यांदा हसले. "मामा झाला आन पित्त झालं." सगळे हसले. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, कोण आहे पुढचं? माझ्याकडं बघत होते. बापूसाहेब माझ्याकडं बघत होते. आत जाऊन दार लावून घेतलं असतं तर ते उठून मागं आले असते, त्यांना कुठल्याच दारात थांबायची सवय नाही.

मी म्हटलं, "कुणी नाही."

संध्याकाळी पुन्हा जायचं ठरवलं. संध्याकाळी रणजित योगिनीच्या उशाशी बसून होता आणि गोजरबाईनं खोलीतच मुक्काम ठोकला होता. बाळ दूध पिऊन झोपलं होतं. गुलाबी, गरम, शांत. त्याच्याकडं बघून कुणी म्हणालं नसतं की याला काही कमी आहे.

१५ ऑक्टोबर

वेळ टळली. विचार केला तर दहा बाळांतलं एखादं आपोआप सुटतंच. आपलं तेच असेल.

श्रेयाची दुसरी सुई उद्या-परवा द्यायचीच होती. लहान मुलांची लस तीच, मात्रा तीच. फ्रिजमध्ये ठेवून वाया घालवण्यापेक्षा आजच तिला देऊन टाकली. दुसरी बाटली मात्र कुणाच्याच उपयोगाची नव्हती, ती मोरीत ओतली.

मनिषानं विचारलं, बाळाला दिली ना? मी हो म्हटलं. तिनं देवापुढं साखर ठेवली. थर्मास धुवून पालथा घातला.

मग श्रेयाच्या दंडावरचा कापूस तिला दिसला. तिनं बाही वर करून बघितलं. "ही कुठून आणली?" मी म्हटलं, मेडिकलमधून. बारामतीत ही लस मिळत नाही, आम्ही पहिलीही पुण्याहून मागवली होती. तिला ते माहीत आहे. पण ती श्रेयाला घेऊन आत गेली. आमच्या घरात तमाशे होत नाहीत, ही एक चांगली गोष्ट आहे.

१ नोव्हेंबर, कळस

भाऊबीज. योगिनीनं ओवाळलं. बाळ मांडीवर घेऊनच निरांजन फिरवत होती, ते ज्योतीकडं टकामका बघत होतं. मी ताटात पैठणी घातली. ती म्हणाली, "एवढं कशाला दादा?"

आई आता अंथरुणालाच. डोळे पिवळेजर्द. पंधरा दिवस झाले, तिनं बाळाला हातही लावला नव्हता. आबांना वाटलं ताकद नाही म्हणून. दुपारी सगळे जेवायला बसल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"राम, खरं सांग. योगिनी पोटात असताना मी लई आजारी हुते. वालचंदनगरच्या बाजारात एक सुईवाला बसायचा, त्याच्याकडं आठवडाभर सुया टोचल्या. येकच सुई समद्यास्नी. तवापसनं माझं आंग कधी धड न्हाय. ह्ये दुखनं तवाचं आसंल तर पोरीच्या रगतात गेलं आसंल. आन तिच्याकडनं त्या ल्येकराच्या. म्हनून मी हात लावीत न्हाय त्याला. तू शिकल्याला हायस. गेलं का रं?"

शाळेची पायरी न चढलेली बाई पडल्या पडल्या हे सगळं जोडत बसली होती. मला तिची दया आली. म्हटलं, "न्हाय आई. तुला नुसती सूज हाय."

"शपथ?"

"शपथ."

तिनं बाळ मागितलं. योगिनीनं आणून तिच्या कुशीत ठेवलं. पंधरा दिवसांची भूक असल्यासारखी ती त्याला हुंगत होती, त्याची बोटं तोंडात घेत होती. "उगंच दूर ठिवला बाई मी तुला," म्हणत होती. असं जवळ घेतल्यानं काही होत नाही. ते तिला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, पण मग पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

९ नोव्हेंबर, कळस

आई सकाळी गेली. रक्ताची मोठी उलटी झाली, मग बडबड, मग काही नाही. शेवटचे दोन दिवस ती कुणालाच ओळखत नव्हती. आबा म्हणत होते, "सूज उतरली का न्हाय, येवडंच सांगा मला." मी म्हटलं, उतरली.

बापूसाहेब माणसं घेऊन आले. अग्नी देऊन होईपर्यंत थांबले. मला वेगळं घेऊन विचारलं, "सर, नक्की काय हुतं? लोक कायबाय बोलत्यात." मी म्हटलं, वय झालं होतं. आई अठ्ठावन्नची होती.

१ डिसेंबर, बारामती

उपप्राचार्य म्हणून रुजू झालो. नव्या खोलीत फोन आहे. पहिला फोन डॉ. नाडगौडांचा आला. आईचं त्यांना कळलं होतं. मग विचारलं, "बाळाला दोन्ही वेळेत दिलं ना? पुढचे डोस चालू आहेत?"

"हो. सगळं वेळेत."

"शाबास, सर. वर्षाचा झाला की रक्त तपासू."

वर्ष अजून लांब आहे.

११ जानेवारी १९९८, कळस

आज योगिनी सासरी गेली. बाळ तीन महिन्यांचं होत आलं, चांगलं गुटगुटीत आहे. अजून एकदाही आजारी पडलं नाही. अंथुर्ण्याची जीप दारात आली, आम्ही बारामतीहून आलो होतो.

निघण्याआधी सगळे ओसरीवर चहा पीत होतो. श्रेया बाळाला खेळवत होती. बाळाच्या दंडावर बीसीजी लशीची गाठ आली होती, तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "आत्या, माझ्या दंडावर पण दोन झाल्या. कावीळ होऊ नये म्हणून. अजून एक राहिली."

मी लगेच म्हटलं, "धनुर्वाताची गं ती." पण पोरीला मोठेपणा मिरवायचा होता. "नाही काही, काविळीची. आई म्हणाली ना. दुसरी तर बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दिली. पप्पांनी थर्मासमधून आणली होती."

योगिनीनं कप खाली ठेवला. आधी माझ्याकडं बघितलं, मग मनिषाकडं. मनिषा जमिनीकडं बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. योगिनीनं बाळाच्या दंडावरची गाठ चाचपली. मग एवढंच विचारलं, "थर्मास दवाखान्यात आणला होतास तो? पित्ताचा?"

"हो. का?"

"काही नाही."

रणजित बाहेरून हाक मारत होता. ती उठली. तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज चढला नाही, कुणापुढं एक शब्द काढला नाही. मी तेवढ्यासाठी घाबरलो होतो. अंथुर्ण्याची माणसं दारात उभी, आणि ही बोलली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. शहाणी निघाली. माझीच विद्यार्थिनी शेवटी.

आबांच्या पाया पडली. मला नमस्कार करायला वाकली नाही, बाळ कडेवर होतं. पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर मागितला. तो मला पाठ आहे, पण आत्ता तिच्या मनाची घालमेल नको म्हणून शोधून कळवतो म्हटलं. मग आबांना म्हणाली, "आबा, पुढचं बाळंतपण मी अंथुर्ण्यालाच करीन. हितं येणार नाही." आबा म्हणाले, "आगं, तुजं माहेर हाय ह्ये." तिनं बाळाचं टोपरं सारखं केलं. आई राहिली नाही, आबांना एकट्यांना ताण नको, असा विचार तिनं केला असणार.

जीपमध्ये चढताना तिला आधार म्हणून मी बाळाला घ्यायला हात पुढं केले. तिनं ते पदराखाली छातीशी घेतलं आणि तशीच एका हातानं दांडी धरून चढली. सकाळची थंडी होतीच तशी.